बाबांचा हात आणि बोकडाचा स्नायू

बाबांचा उजवा हात गेला तो सकाळच्या चहाच्या वेळी. आई सांगते, कप त्यांनी नीट उचलला, तोंडापर्यंत नेला आणि मग हात आपला आपणच खाली आला. चहा सगळा मांडीवर सांडला. एवढा कढत चहा सांडून माणूस ओरडला नाही, नुसता हाताकडे बघत बसला, तेव्हा आई घाबरली. तिनं फोन लावला तेव्हा मी रामवाडीच्या थांब्यावर रोह्याच्या एसटीची वाट बघत उभी होते. "अगो, तुज्या बापसाचं तोंड वाकडं झालंय," एवढंच ती बोलली. मी तिथूनच रिक्षा केली आणि खाडीकडच्या आमच्या गावाला पळाले.

बाबांना वेळेत दवाखान्यात पोचवलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. तोंड आठ-दहा दिवसांत सरळ झालं. महिन्याभरात पाय टेकू लागला, काठी घेऊन ते संडासापर्यंत जाऊ लागले. हात मात्र आला नाही.

हा हात कसा होता ते सांगायला हवं. बाबांनी धरमतरच्या बाजूच्या मिठागरांत चाळीसेक वर्षं काढली. घोटाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढायचं, बांधावर ढीग घालायचा, पुन्हा ओढायचं. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायचे आणि बांधावर बसून बघत राहायचे. फळी ओढताना त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडीखाली काहीतरी पळायचं. मला लहानपणी वाटे, हातात उंदीर आहे. मी विचारलं होतंही. बाबा हसून म्हणाले होते, "हाय ना, त्योच तर काम करतो. मी नुसता हुबा हाय."

तो हात आता ते डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवत. एसटीत शेजारच्याची पिशवी सांभाळायला घ्यावी, तसा.

आई-बाबांना मी रामवाडीला माझ्या घरी आणलं, कारण व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट जवळच बसायची. मुलगी तिशीच्या आतली, आतल्या बाजूच्या एका भातशेतीच्या गावातली. तिनं बाबांचा हात कोपरापासून खालपर्यंत दाबून बघितला आणि म्हणाली, "काका, तुमचा स्नायू शाबूत आहे. मेंदूकडून हुकूम येत नाही, एवढंच. आपण रस्ता परत तयार करायचा. रोज दोनशे वेळा बोटं उघड-मीट करायची. हलली नाहीत तरी मनातनं करायची."

"हुकूम येत नाय तर हात कशाचा? मेला तो," बाबा म्हणाले.

"मेला नाही, काका."

"पोरी, मी जेवढी मेलेली मासली बघितली तेवढी तू भात बघितला नसशील. मेलेलं मना कलतं."

ती हसली. बाबा हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी व्यायाम केला नाही. आई मागे लागली की डोळे मिटून घेत.

मी रोह्याच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वीसेक वर्षं झाली. दर वर्षी स्नायूंचा धडा येतो आणि दर वर्षी मी फळ्यावर तीच आकृती काढते. जाड धाग्याला लाल खडू, बारीक धाग्याला निळा. जाड धागा मायोसिन नावाच्या प्रथिनाचा. त्याला दोन्ही अंगांना शेकडो डोकी फुटलेली असतात. बारीक धागा अ‍ॅक्टिनचा. डोकं त्या बारीक धाग्याला धरतं, मान वाकवून ओढतं, सोडतं, पुन्हा सरळ होतं, थोडं पुढं जाऊन पुन्हा धरतं. एका ओढीत धागा सरकतो तो एका मिलिमीटरचे लाख भाग केले तर त्यातला जेमतेम एक. असली डोकी एका मुठीत किती असतील ते मोजायला आकडे अपुरे पडतील. ती सगळी ओढतात तेव्हा माणूस कप उचलतो.

त्या वर्षी हे बोलता बोलता मी फळ्यासमोर थांबले. खडू हातात तसाच. वीस वर्षं मी हे सांगत होते, आणि मी ते कधी पाहिलेलं नव्हतं. घरी एक हात मांडीवर पडून होता, त्यात ही सगळी डोकी जागच्या जागी होती, आणि मी मुलांना लाल-निळ्या रेघा दाखवत होते. मुलं वाट बघत होती. मी म्हटलं, "हे आपण प्रत्यक्ष बघू." बोलून गेले आणि मग घाबरले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईत संशोधन करते. तिला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, सोपं आहे. बोकडाच्या स्नायूच्या पट्ट्या ग्लिसरिनमध्ये थंडीत ठेवा, तीन आठवडे. पेशींचं आवरण विरघळून जातं, आतलं बाकीचं सगळं धुऊन निघतं, फक्त ते धागे राहतात. मग त्यातला एक केसाएवढा तंतू काचेवर घ्या आणि वर एटीपीचा थेंब टाका. एटीपी मी पाठवते." एटीपी म्हणजे पेशीचं इंधन. आपण खातो-पितो ते शेवटी या रूपात त्या डोक्यांपर्यंत पोचतं. तिनं ते बर्फात घालून थर्मोकोलच्या डब्यातून पाठवलं.

पहिला प्रयत्न साफ फसला. मी दुपारी कॉलेज सुटल्यावर मटणाच्या दुकानात गेले, पाठीच्या कण्यालगतचा लांब स्नायू मागितला, पट्ट्या करून बाटलीत घातल्या. तीन आठवड्यांनी थेंबावर थेंब टाकले. तंतू मेलेल्या गांडुळासारखा पडून राहिला. नशीब, मी तो आधी एकटीनं करून बघत होते.

दुकानदार चाचांना मी सहज ही हकिगत सांगितली. म्हातारा माणूस, बापाच्या वेळेपासून रोह्यात तेच दुकान. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मॅडम, तुम्ही दुपारचं मांस नेलं. ते तेव्हा लाकूड झालेलं असतं. दोन-तीन घंट्यांत आखडतं. सकाळी या. कापल्यावर मांस फडफडतं, बघितलंय कधी?"

मी नव्हतं बघितलं.

नवरा रोह्याजवळच्या धाटावला कंपनीत आहे. त्याची फर्स्ट शिफ्ट होती त्या दिवशी मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून उजाडता उजाडता रोह्याला पोचले. चाचांनी माझ्यासमोर तो स्नायू काढून पाटावर ठेवला. बोकड केव्हाच गेला होता. आणि त्या लालसर पट्टीवरून एक थरथर धावत गेली, इकडून तिकडे. वाऱ्यानं खाडीचं पाणी शहारतं तशी. मग पुन्हा एकदा. चाचा माझ्याकडे बघत होते. त्यांनी हे आयुष्यभर रोज पाहिलेलं.

"हे थांबतं, मग कडक होतं, मग दुसऱ्या दिवशी परत नरम पडतं," ते म्हणाले. "का, ते कोणी सांगितलं नाही."

मी सांगितलं. श्वास थांबला, रक्त थांबलं, तरी स्नायूत थोडं इंधन शिल्लक असतं. ते आहे तोवर डोकी धरतात आणि सोडतात. इंधन संपलं की ज्या डोक्यानं धरलं ते धरूनच राहतं. सोडण्यासाठी त्याला एटीपीचा एक कण येऊन चिकटावा लागतो, आणि तोच नसतो. अशी अगणित डोकी अडकून बसतात, म्हणून मांस लाकूड होतं. पुढे ते धागेच तुटायला लागतात, मग सैल पडतं.

चाचांनी जरा विचार केला. "मतलब, सोडायला दम लागतो?"

"हो. लोकांना वाटतं फक्त धरायला लागतो."

"या अल्ला," ते हळूच म्हणाले आणि त्या पट्टीवरून एक बोट फिरवलं. मग मला पट्ट्या करून दिल्या, आइसक्रीमच्या काड्यांना दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधायला मदतही केली, म्हणजे स्नायू आखडणार नाही. कॉलेजच्या फ्रीजवर मी चिठ्ठी चिकटवली: खायचं नाही.

तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारी प्रयोग ठरला. नेमकी त्याच दिवशी आईच्या डोळ्याची तपासणी रोह्यात होती. बाबांना एकटं घरी ठेवता येईना. नवऱ्यानं मित्राची गाडी आणली, आईला डोळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, आणि बाबा माझ्याबरोबर कॉलेजात आले. प्रयोगशाळेत त्यांना खिडकीपाशी खुर्ची दिली. मुलांनी 'नमस्कार आजोबा' केलं. त्यांनी सवयीनं डाव्या हातानं उजवा उचलून जोडला.

काचपट्टीखाली आलेखाचा कागद ठेवला, म्हणजे लांबी मोजता येईल. भिंगाखाली दोन सुयांनी पट्टी विंचरत विंचरत मी केसाएवढा तंतू वेगळा केला. याला अर्धा तास गेला. तंतू पंधरा चौकोन लांब होता.

"आधी नुसते क्षार टाकू," मी म्हटलं. "पोटॅशियमचा आणि मॅग्नेशियमचा. इंधन नाही." थेंब टाकला. मुलं वाकून बघत होती. काही झालं नाही. पंधराच्या पंधरा चौकोन.

"कसले क्षार म्हनलीस?" बाबांनी खिडकीपासून विचारलं.

मला एकदम आठवलं. "बाबा, मीठ जमल्यावर खाली कडू पाणी राहायचं ना आगरात? त्यात असतात हे."

"ते तर आमी फेकून द्यायचो."

"तेच. पण त्याच्याशिवाय हे चालत नाही. आणि नुसत्या त्याच्यानंही चालत नाही."

ते काठी टेकत उठून टेबलापाशी आले. मी बर्फातली छोटी बाटली काढली आणि एटीपीचा एक थेंब तंतूच्या कडेला सोडला.

क्षणभर काही नाही. मग तंतूचं एक टोक सरकलं. इतकं हळू, की मला वाटलं थेंबाच्या पाण्यानं वाहत गेलं. मग दुसरं टोक सरकलं, त्याच्या दिशेनं. बघता बघता तंतू जाड होत, आखूड होत स्वतःतच गोळा होत गेला. चौदा. बारा. नऊ. आठ चौकोनांवर थांबला.

एक मुलगी जोरात ओरडली, "मॅडम, जिवंत आहे!"

"नाही गं," मी म्हटलं. "जिवंत नाही. यात रक्त नाही, नस नाही, मेंदू नाही. पेशीसुद्धा नाही. नुसते ते धागे."

फळ्यावर वीस वर्षं काढलेली ती लाल-निळी रेघ माझ्यासमोर हलली होती. कुणी हुकूम दिला नव्हता. तीन आठवडे गोठलेल्या अंधारात ती डोकी तशीच होती, आणि खायला मिळाल्याबरोबर कामाला लागली होती. मला देवळात रडू येत नाही. तिथे आलं. मी मुलांकडे पाठ करून चष्मा पुसला.

मुलांनी आळीपाळीनं तीन वेळा प्रयोग केला. तिसऱ्या वेळी बाबा म्हणाले, "मना बघूं दे." आम्ही त्यांना स्टुलावर बसवलं, भिंग त्यांच्या डोळ्यापुरतं खाली घेतलं. एका मुलानं थेंब सोडला. बाबा बराच वेळ वाकून राहिले. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा मिठागरात उन्हाकडे बघताना व्हायचा तसा झाला होता, डोळे बारीक.

"बोकड कदी कापलाय?"

"तीन आठवडे झाले, बाबा."

"मुंडकं नाय, काळीज नाय."

"नाही."

"आन् तरी वढतोय." मग मांडीवरच्या हाताकडे बघून म्हणाले, "माजा तर अजून माज्या अंगाला हाय."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं, की या प्रयोगानं तुमचा हात परत येईल असं सिद्ध होत नाही. तुमची अडचण धाग्यांत नाही, वर मेंदूत आहे. शिक्षिका म्हणून ते माझं काम होतं. मी सांगितलं नाही.

एका मुलानं विचारलं, सगळी डोकी एकाच वेळी सोडत असतील तर स्नायू मागे घसरत का नाही. मी उत्तर देणार, तेवढ्यात बाबाच बोलले. "आमी खाडीच्या चिखलात रुतलेला मचवा वढायचो. दोराला धा-बारा मानसं. समद्यांनी एकदम हात सोडला तर मचवा मागं जानार. म्हून कोनी धरून असायचा, कोनी हात फुडं घ्यायचा. बोलायला लागत नसं." मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "बरोबर. अगदी असंच. पाठ्यपुस्तकात यापेक्षा वाईट लिहिलंय."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी बाबांना खरं ते सांगितलं. मेंदूतल्या ज्या जागेतून हुकूम निघतो ती दुखावलीय, आजूबाजूची जागा ते काम शिकेल किंवा नाही शिकणार, नक्की कुणीच सांगू शकत नाही. ते ऐकून घेत होते.

"मना ठाव हाय गो, बाय. ती पोरगी पन तेच बोलत व्हती. मी मानत नव्हतो." आणि त्यांनी आईला हाक मारली. "ये, मोज गो. दोनशे."

त्या दिवसापासून ते करू लागले. बोटं हलत नसत. ते हाताकडे टक लावून बसत, कपाळावर घाम येई, आई जपमाळेसारखं मोजत राही. मी कॉलेजातून येई तेव्हा दोघं ओट्यावर बसलेली असत आणि एकशे चाळीस, एकशे एकेचाळीस चाललेलं असे. दोन महिने काही झालं नाही. मग एका संध्याकाळी करंगळी हलली. आई आकडा विसरली.

पुढचं सरळ झालं असतं तर बरं होतं. मूठ मिटायला लागली, आणि मग मिटूनच राहू लागली. इतकी घट्ट, की नखं तळव्यात रुतत. इंधन संपलं की डोकी सोडत नाहीत, हे मी त्या दिवशी मुलांना सांगितलं होतं, आणि कॉलेजातलं सगळं बाबांच्या पक्कं लक्षात होतं. "काय गो, माजा एटीपी सपला काय?" असं ते मला विचारत. अर्धं थट्टेनं, अर्धं घाबरून. मला हो म्हणायचा मोह होत असे, गोष्ट किती छान जुळली असती. पण तसं नव्हतं. त्यांच्या स्नायूत इंधन भरपूर होतं. आता हुकूम नको तेवढे येत होते, थांबवणारं कुणी नव्हतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे आधी मालक मुका, आता बडबड्या."

फिजिओथेरपिस्टनं हाताला बांधायची पट्टी दिली, गरम पाण्याचा शेक दिला, बोटं एकेक करून उलगडायला शिकवलं. आणि एक दिवस तिनं पिशवीतून घरचे वाल आणले. "काका, आजपासून हे भिजवायचे, मोड आणायचे आणि बिरडं सोलायचं. उजव्या हातानं. चिमटीत दाबला की वाल सालातून उडतो. मग बोटं उघडून तो वाटीत टाकायचा. दाबणं सोपं आहे. तुम्हाला टाकायला शिकायचंय."

पहिल्या दिवशी एक वाल अर्ध्या तासानं चिरडला. तो चिमटीतच राहिला, डाव्या हातानं काढावा लागला. आठवडाभर असंच. आमच्याकडे रोज चिरडलेल्या वालांची भाजी.

मग एका रविवारी दुपारी मी त्यांच्या शेजारी वह्या तपासत बसले होते. वाल सालातून सुटल्याचा बारीक आवाज आला. मी बघितलं. बाबांनी हात वाटीवर नेला होता. अंगठा थरथरत होता. मी वही खाली ठेवली आणि त्यांच्या कोपराखाली, हाताच्या जाड भागावर, माझा तळवा ठेवला. कातडीखाली स्नायू ताठ होता, दोरीसारखा. बाबांनी श्वास रोखला. आणि माझ्या तळव्याखाली तो ताठपणा ओसरला. सगळा एकदम नाही, थोडा, मग आणखी थोडा. कितीतरी कोटी डोक्यांनी धागा सोडला होता आणि पुन्हा धरला नव्हता. मनगटाच्या वरच्या बाजूला दुसरा स्नायू उचलला गेला, त्यातली डोकी ओढू लागली, आणि बोटं उघडली. वाल वाटीत पडला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी दुसरा वाल उचलला. मी हात काढला नाही. माझ्या हातातली डोकीही त्या वेळी ओढत होती, माझ्या छातीतलीसुद्धा, जन्माच्या आधीपासून एकदाही न थांबता, आणि मी त्यांना कधी काही सांगितलेलं नव्हतं. मी तशीच बसून राहिले. त्यांनी सात वाल सोलले, त्यातले पाच अख्खे निघाले.

आई आतून आली, वाटीत बघितलं, आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चला. आता उद्याच्या भाजीला तुमीच."

"एवढ्यात पोट भरंल व्हय गो?" बाबा म्हणाले, आणि आठवा वाल घेतला.